फिलेमोनाचं पत्र: चौथ्या आठवड्याची नोंद

बायबलच्या नव्या करारातलं हे पत्र पौलाने कैदेतून फिलेमोनाला लिहिलं: तुझा दास अनेसिम याला परत स्वीकार. 25 वचनं, मूळ ग्रीकमध्ये 335 शब्द. एका बैठकीत वाचून होणारं हे पत्र मला चार आठवडे पुरलं आणि आज 21व्या वचनापाशी आहे. क्रम ठरलेला: कोश घेऊन वचन आधी स्वतः लावायचं, वहीत मराठी उतरवायचं, मगच इंग्रज बायबल-अभ्यासक लाइटफूट यांचं 1875चं भाष्य उघडायचं. भाष्य आधी वाचलं की मजकुरात त्यांनी सांगितलेलंच दिसू लागतं.

सुरुवातीची नावं लवकर झाली. त्यातलं अप्फिया या बाईचं नाव फ्रुगियातलं (आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश) स्थानिक नाव असल्याचं लाइटफूट शिलालेखांवरून दाखवतात. फिलेमोनाचं गाव मानलं जाणारं कलस्सै त्याच मुलखात, लुकस नदीच्या खोऱ्यात. पत्र अचानक एका खऱ्या घराच्या दारात पोचलं.

सगळ्यात जास्त वेळ रमलो ते ‘स्प्लांख्ना’ या शब्दात. शब्दशः आतडी. 7, 12 आणि 20 अशा तीन वचनांत तो येतो. अनेसिम या दासाला परत धाडताना पौल लिहितो की हा म्हणजे माझी आतडीच. आपल्याकडे आतड्याची माया म्हणतात, आतडं तुटतं म्हणतात, त्यामुळे इथे ‘हृदय’ लिहायला हात वळेना. वहीत ‘आतडं’च ठेवलं आहे.

11व्या वचनातला खेळ मराठीत बराचसा उतरतो. अनेसिम या नावाचाच अर्थ उपयोगी. पूर्वी निरुपयोगी होता, आता तुला-मला उपयोगी आहे. ग्रीकमधल्या ‘ख्रेस्तोस’चा (उपयोगी) ‘ख्रिस्तोस’शी (ख्रिस्त) जुळणारा नाद मात्र हातातून निसटतो.

9व्या वचनात लाइटफूट यांच्याशी माझं जमलं नाही. ‘प्रेस्ब्यूतेस’ म्हणजे म्हातारा. ते म्हणतात, इथे अर्थ राजदूत घ्यावा, कारण म्हातारा आणि राजदूत या दोन्हींसाठीच्या ग्रीक शब्दांच्या लेखनात तेव्हा सरमिसळ होत असे. पुरावे त्यांनी भरपूर दिलेत. पण लगेच आधी पौल सांगतो की हुकूम करू शकत असूनही मी प्रेमापोटी विनवतो. राजदूत म्हटलं की सोडलेला अधिकार पुन्हा हातात येतो. म्हातारा आणि वर बंदिवान, हेच त्या विनवणीला शोभतं. तीन दिवस विचार करून ‘म्हातारा’ कायम केलं.

15व्या वचनात क्रियापद कर्मणी आहे: अनेसिम काही काळ ‘वेगळा केला गेला’. पळाला असं पौल म्हणत नाही, हे चौथ्या शतकातला धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम यानेही नोंदवलं होतं. मी घाईत ‘दूर गेला’ लिहिलं होतं, ते खोडलं. यामागे देवाचा हात असावा, असं पौल त्या एका क्रियापदातून सुचवतो.

लाइटफूट यांनी तुलनेला रोमन लेखक प्लिनीचं साबिनियानस या मित्राला लिहिलेलं पत्र घेतलं आहे. तिथेही मालकाच्या रागातून एका मुक्त केलेल्या दासाला सोडवायचं आहे. प्लिनी सांगतो की मी त्याला चांगलंच खडसावलं. पौल अनेसिमला एका शब्दानेही खडसावत नाही. 18-19मध्ये तो उलट म्हणतो की त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे माझ्या हाताने लिहितो आहे. बेड्या घातलेला माणूस दुसऱ्याच्या कर्जाखाली सही करतो आहे. या वचनावर मी दोन संध्याकाळी थांबलो.

पुढच्या आठवड्यात 22वं वचन: माझ्यासाठी उतरायची जागा तयार ठेव. ही मायेची आशा, की येऊन पाहीन असा हळूच दिलेला इशारा? वहीत दोन्ही लिहून ठेवलंय, भाष्याचं ते पान अजून उघडलेलं नाही.