आमची वाटचाल : आधी पाना, मग चावी

आमच्या गॅरेजमध्ये गाडी टोचन होऊन येते आणि स्वतःच्या इंजिनावर परत जाते. सर्व्हिसिंग, डेंटिंग-पेंटिंग करणारे ढिगाने आहेत. वर्षानुवर्षं कव्हरखाली पडून असलेली गाडी अंगावर घ्यायला मात्र कुणी धजत नाही. मी आणि माझ्या भागीदाराने सुरुवातीपासून तेच काम धरलं. मी इंजिन बघायचो, तो वायरिंग. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग तो अशी जोडायचा की सांधा कुठे मारलाय ते मलाही सापडायचं नाही.

भांडवल म्हणाल तर गोटी-पान्यांचा सेट, एक मल्टिमीटर आणि लांब नळीची तेलाची कुपी. बंद गाडी आली की आधी स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. आधी पाना ढिम्म हलत नाही. मग किंचित सरकतो, आणि पिस्टनवरची अडकलेली रिंग सुटली की ते थेट मनगटाला कळतं. नाहीच सरकला तर जोर करायचा नाही, आणखी एक रात्र द्यायची. हाताने दोन पूर्ण फेरे झाल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. टाकीतलं आंबूस वासाचं पेट्रोल तोवर काढून टाकलेलं असतं, कारण त्याचा डिंक कार्बोरेटरच्या जेटमध्ये गेला की पुन्हा सगळं उघडा.

पुढे आमच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोराने जवळच गॅरेज टाकलं. टाकेना का! पण पाटी काय लावावी? 'बंद गाडी एका दिवसात चालू'. नवी बॅटरी, ताजं पेट्रोल, की मारला सेल्फ. गाडी चालूही व्हायची, लोक खूश. आम्ही आठवडा मागितला की नाकं मुरडायचे.

अशीच एक गाडी तिथून फिरून आमच्याकडे आली. गंजलेल्या रिंगा तशाच फिरवल्यामुळे बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभे ओरखडे पडले होते. आम्ही इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं आणि खापर आमच्यावर फुटलं! 'तिथून चालू होऊन गेली होती, यांनी उघडून घालवली,' असं मालक चारचौघांत सांगत सुटला. कामं आटली, भाडं थकलं आणि भागीदार त्याच पोराकडे कामाला गेला. त्याला घर चालवायचं होतं, ते मी समजू शकतो. पण मल्टिमीटर घेऊन गेला, आणि तो माझा होता.

तेव्हा पाठीशी उभ्या राहिल्या त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंची गाडी आमच्याकडे आली तेव्हा ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन गंजून चाकं जाम झाली होती. दिसायला बरं असलेलं ब्रेक ऑइल का बदलायचं, असं त्यांनी विचारलं होतं. म्हटलं, बाई, हे हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 3 दर्जाचं ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती हद्द 140 पर्यंत खाली येते. मग लांब उतारावर वाफ धरते आणि पेडल खाली जातं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे त्या ओरखड्यांच्या गाडीचा मालक आमच्या दारात आरडाओरडा करत असताना बाईंनी त्याला एवढंच विचारलं, "चावी आधी कुणी मारली?" तो गप्प झाला. त्यानंतर बाईंनी ओळखीपाळखीतल्या बंद गाड्या एकेक करून आमच्याकडे धाडल्या.

पुढची वर्षं बरी गेली.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. गाडी उभी करून ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा. रोज पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करू नका. त्यात बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साठतं. बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली फार काळ राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसतं. नक्षी शाबूत दिसली म्हणून टायरवर भरवसा नको, बाजूचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा.

त्या गॅरेजातून अजूनही जाम इंजिनं येतात. आम्ही घेतो, पण आधी मालकासमोर प्लग काढून बोअरमध्ये कॅमेरा घालतो, फोटो काढतो आणि जॉबकार्डावर त्याची सही घेतो.