मेन पाडा, डॉक्टरसाहेब

लातुरात बावीस वर्षं प्लंबिंगची कामं करतोय. बोअरच्या लाइनी, सोलरच्या लाइनी, गच्चीवरच्या टाक्या, दवाखान्यांची बाथरूमं. गेल्या फेब्रुवारीत औसा रोडवरच्या एका डॉक्टरांनी घरी बोलावलं आणि म्हणाले, "मिस्तरी, समुद्राच्या पाण्याची, माशांची टाकी बसवायचीय. दिवाणखान्यात."

मला आधी आठवला तो २०१६ चा एप्रिल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच्या आदल्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. माझी आई रात्री दोनला घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसायची. त्याच गावात आता कुणी शोभेसाठी हजार लिटर पाणी मांडून ठेवणार, हे पटायला मला दोन दिवस लागले. डॉक्टरांना मी ते बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. एक थेंब वाया जाऊ नये असं बसवून द्या."

काच पुरवणाऱ्यानं पाइपांचा नकाशाही दिला होता. टाकी ६ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच, म्हणजे ८५० लिटरच्या आसपास. खालच्या कपाटात दुसरी टाकी, ४ बाय दीड बाय दीड. तिला ते लोक संप म्हणतात. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात दातेरी कडेची उभी खोली असते. पाणी त्या दातांवरून सांडून खोलीत पडतं, तिथून पाइपानं संपात येतं, तिथं गाळलं जातं, आणि पंप ते परत वर पाठवतो. चोवीस तास हे फिरणं चालू. आपल्या घराची टाकी भरली की मोटार बंद होते. इथं मोटार कधीच बंद व्हायची नाही, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याकडं घडते. लाइट जाते.

त्या नकाशात यावर एकच उपाय होता, परतीच्या पाइपावर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा पडद्याचा व्हॉल्व्ह. मी नकाशा घडी घालून बाजूला ठेवला. बोअरच्या लाइनीवर एनआरव्ही किती दिवस इमानदारीनं चालतो ते मला माहीत आहे. पडद्याखाली वाळूचा एक खडा अडकला की पाणी गुपचूप उतरत राहतं. इथं तर पाइपात गोगलगायी शिरणार, आतून चुन्यासारखं शेवाळ चढणार. त्या एका पडद्यावर कुणाच्या घराची फरशी सोपवायला मी तयार नव्हतो.

मग हिशोब मांडला. वरच्या टाकीचा पृष्ठभाग १५ चौरस फूट, म्हणजे एक इंच पाणी उतरलं की ३५ लिटर. पंप बंद पडला की परतीचा पाइप उलटा ओढू लागतो, डब्यातून नळीनं डिझेल काढतात तसा, आणि तोंड हवेत उघडं पडेपर्यंत ओढत राहतो. नकाशात हे तोंड पाण्याखाली ४ इंच होतं. चार इंच म्हणजे १४० लिटर. खालचा संप निम्मा भरलेला, वरची मोकळी जागा ९ इंच, इंचाला १४ लिटर धरले तर १२६. पाइपांतलं आणि दातेरी खोलीतलं पाणी तर वेगळंच. म्हणजे एनआरव्ही अडकला की पहिल्याच रात्री पाणी फरशीवर. डॉक्टरांना कागदावर दाखवलं तेव्हा ते बराच वेळ आकड्यांकडं बघत राहिले. मग विचारलं, "आणि हे रोज होईल?" म्हटलं, लाइट जाईल तितक्या वेळा.

यावरचा उपाय साधा आहे. परतीच्या तोंडाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या पातळीच्या जेमतेम अर्धा इंच खाली, पाइपाला भोक पाडायचं. पाणी तेवढं उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. उतरणारं पाणी मग सगळं मिळून ४५ ते ५० लिटर. तेवढं संपात सहज मावतं.

खाली येणारे पाइप दोन ठेवले. एक दीड इंची, पूर्ण भरून वाहणारा, त्याला खाली गेट व्हॉल्व्ह. तो थोडा थोडा आवळत गेलं की एक क्षण असा येतो की घुटघुट आवाज थांबतो आणि पाणी मुकाट्यानं वाहायला लागतं. शेजारच्या खोलीत डॉक्टरांच्या आई झोपायच्या, त्यामुळं हे फार गरजेचं होतं. दुसरा पाइप त्याच मापाचा पण उंचावर तोंड असलेला, एरवी कोरडा. पहिल्यात काही अडकलं तर पाणी चढून याच्यातून खाली येतं. या दुसऱ्याला व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही. भाच्यानं विचारलं, "मामा, एक लावून ठेवला तर काय बिघडतंय?" बिघडतं ते हे, की व्हॉल्व्ह असला की कुणीतरी तो कधीतरी बंद करतं.

सगळ्यात जास्त दिवस धातू टाळण्यात गेले. खाऱ्या पाण्यात पितळ झिजतं, त्यातलं तांबं पाण्यात उतरतं, आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना ते विष आहे. आपल्या धंद्यात तर जिथं आटे आले तिथं पितळ आलं. गेट व्हॉल्व्ह बाजारात मिळतात ते पितळी. प्लॅस्टिकचा मिळवायला बारा दिवस थांबावं लागलं. पाणी थंड ठेवणारा चिलर जोडताना भाच्यानं सवयीनं ब्रासचा एफटीए, म्हणजे आतून आटे असलेला जोड, लावला होता. पाइप चिकटवायचं सोल्युशन वाळून गेलं होतं. आटे आत लपलेले, पण तोंडाशी पिवळी कड चमकली. तो तुकडा मी कापून काढला आणि कपाटातला प्रत्येक जोड पुन्हा बॅटरीनं तपासला. रबरी नळीवरच्या स्टीलच्या क्लिपासुद्धा काढून प्लॅस्टिकच्या घातल्या. भाचा दिवसभर गप्प होता. त्याला म्हटलं, घरच्या लाइनीत हे बरोबरच होतं, फक्त इथं पाणी वेगळं आहे.

चाचणीचा दिवस मार्चचा शेवटचा रविवार. मीठ टाकण्याआधी साध्या बोअरच्या पाण्यानं सगळं भरलं. तीन तास पंप चालवला. एकही जोड ओला नाही. गेट व्हॉल्व्ह आवळत आवाज बंद केला, आजी बाहेर येऊन ऐकून गेल्या. मग मी कपाटासमोर मांडी घातली, संपाच्या काचेवर मार्करनं चालू पातळीची रेघ मारली आणि म्हटलं, "मेन पाडा, डॉक्टरसाहेब."

पंप थांबला. पाणी चढायला लागलं. एक इंच, दोन, तीन. साडेतीनवर ते थांबायला हवं होतं. थांबलं नाही. चार. पाच. वेगही कमी होईना. मी वर बघितलं. वरच्या टाकीतलं पाणी भोकाच्या खाली गेलं होतं, भोक हवेत दिसत होतं, तरी ओढ तुटत नव्हती. सहा. भाचा बादल्या आणायला पळाला. सात इंच झाले तेव्हा मी स्टुलावर चढलो आणि परतीचं तोंड दोन्ही हातांनी उपटलं. ते मुद्दाम न चिकटवता नुसतं दाबून बसवलेलं होतं, साफसफाईला काढता यावं म्हणून. सुर्रकन हवा आत गेली. खाली बघितलं तर पाणी काठापासून दीड बोटावर थरथरत होतं.

खोलीत कुणी बोललं नाही. माझे हात कापत होते हे मला पाइपाचं तोंड खाली ठेवताना कळलं.

तोंड उजेडात धरून बघितलं. वरचा एल्बो चिकटवताना सोल्युशन ओघळलं होतं आणि भोकावर त्याचा पातळ, काचेसारखा पडदा वाळला होता. बाहेरून भोक, आतून बंद. दोष माझाच होता. भोक आधी पाडलं, चिकटवलं नंतर, आणि नंतर त्यातून तार घालून बघितली नाही. डॉक्टरांना तसंच सांगितलं. मग ६ मिलीमीटरच्या ड्रिलनं ते मोकळं केलं आणि शेजारी, तेवढ्याच उंचीवर, दुसरं पाडलं, म्हणजे एकात गोगलगाय बसली तरी दुसरं हवा घेईल.

पुन्हा भरलं. पुन्हा मेन पाडलं. साडेतीन इंचांवर पाणी थांबलं. मग एका भोकावर बोट ठेवून तिसऱ्यांदा. तरी थांबलं. त्या दिवशी एकूण नऊ वेळा मेन पाडलं. संध्याकाळी काचेवर दुसरी रेघ मारली, लाल, आणि घरातल्या सगळ्यांना दाखवली: पंप चालू असताना पाणी काळ्या रेघेवर, बंद असताना लाल रेघेच्या खाली.

उरलेलं काम पाण्याच्या जमाखर्चाचं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, माझ्या मीटरवर ११५० आला. हे पाणी आरओशिवाय चालत नाही, आणि आरओतून एक लिटर चांगलं निघताना तीन लिटर बाहेर पडतं. पहिल्या भरणीलाच अडीच-तीन हजार लिटर. त्यासाठी वेगळी लाइन टाकून ते पाणी मागच्या टाकीत घेतलं. त्यावर आता त्यांच्या दोन संडासांचे फ्लश आणि फरशी पुसणं चालतं. पाण्याची वाफ होते, मीठ मागं राहतं, म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानं भरावी लागते. ते आरओची लाइन सरळ जोडून नाही. ४० लिटरचा डबा मधे ठेवला. पाणी भरलं की बंद करणारा फ्लोट अडकला तरी चाळीसच लिटर जातील.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. बदललेलं खारं पाणी सोडायची लाइन त्यांना बागेकडच्या शोषखड्ड्यात द्यायची होती, जवळ म्हणून. खड्ड्यापासून बोअर १५ फुटांवर. लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी दर महिन्याला तिथं मुरवायचं म्हणजे आपल्याच बोअरला, आणि शेजाऱ्यांच्याही, खार लावायचा. आठशे फुटांवर लागलेलं पाणी आहे ते. मी म्हटलं, पैसे नका देऊ, पण ही लाइन गटारालाच जाईल. चाळीस फूट पाइप जास्त लागला.

मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्री अडीचला फोन वाजला. डॉक्टरच होते. "मिस्तरी, तासभर झाला लाइट नाही." मी उठून बसलो. विचारलं, पाणी कुठं आहे? "लाल रेघेच्या दोन बोटं खाली. थांबलंय." मासे? "हवेचा पंप इन्व्हर्टरवर चालू आहे, वरच फिरताहेत." मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "आई बॅटरी घेऊन रेघेपाशी बसलीय. झोप म्हटलं तर ऐकत नाही."

म्हटलं, बसू द्या त्यांना. लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो का तेवढं बघा, मी फोन चालूच ठेवतो.