ही फाइल कुणाला लागते?

सोमवारी सकाळी ४१ फाइल्स हलवून मी पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल तपासून घ्यायची विनंती) टाकला. वर्णनात एकच ओळ: ‘बिल्डची साफसफाई’. दुपारी टीममधल्या सिनिअर बाईंचा शेरा आला, ‘अरे, पण का हलवल्यास?’

मला राग आला, कारण मला ते उघड वाटत होतं. प्रकल्प सी प्लस प्लसचा, जुना. त्याच फाइल्स मुख्य प्रोग्रॅमच्या यादीत आणि त्याच टेस्टच्या यादीत, म्हणजे प्रत्येक बिल्डला, कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना, दोनदा कंपाइल. त्या एका स्टॅटिक लायब्ररीत, म्हणजे कंपाइल केलेल्या फाइल्सच्या गठ्ठ्यात, घातल्या की काम एकदाच होतं.

डिफ, म्हणजे काय काय बदललं ते दाखवणारी यादी, मात्र वाचता येत नव्हती, हे खरं. गिट, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं साधन, फाइल हलवल्याची नोंद ठेवत नाही, मागाहून मजकूर ताडून ओळखतं. निम्मा तरी जुळला तर ‘हलवली’, नाहीतर ‘जुनी गेली, नवी आली’. मी हलवतानाच नेमस्पेस (नावांचे गट) आणि इन्क्लूड (दुसऱ्या फाइल्स आत घेणाऱ्या ओळी) हेही बदलले होते, त्यामुळे वीस-तीस ओळींच्या फाइल्स कोऱ्या नव्या दिसत होत्या. मग दोन कमिट, म्हणजे बदलांचे दोन वेगळे टप्पे, केले. पहिल्यात फक्त हलवणं, फाइलमधलं अक्षरही न बदलता. पण तोही कमिट बिल्ड झाला पाहिजे, नाहीतर उद्या बायसेक्ट करणारा, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटमध्ये आला ते शोधणारा, तिथंच अडकणार. म्हणून नवं फोल्डर इन्क्लूडच्या शोधमार्गात घातलं, जुन्या ओळी तशाच चालल्या. आणि आमच्याकडं बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करताना स्क्वॉशची, म्हणजे सगळे कमिट एकत्र करण्याची, सक्ती! दोन्ही कमिट एकात गेले की ही सगळी मेहनत वाया. ती सक्ती चूकच आहे. त्या पीआरपुरती सूट मागून घेतली.

बाईंचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ‘प्रत्येक फाइलपुढं लिही, ही कुणाला लागते.’

संध्याकाळपर्यंत तक्ता भरत होतो. सदतिसाव्या फाइलपुढं हात थांबला. एक्स्पोर्टचा एक फॉरमॅट. त्यातला ग्लोबल ऑब्जेक्ट प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःची नोंदणी करतो. मुख्य प्रोग्रॅममध्ये त्या फाइलमधलं एकही नाव कुणी घेत नाही. आणि स्टॅटिक लायब्ररीतून लिंकर, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा, तेवढंच उचलतो, ज्याचं नाव कुणीतरी मागितलंय. म्हणजे बिल्ड हिरवा, बिनतक्रार. टेस्टही हिरवी, कारण ती त्या क्लासला थेट नावानं हाक मारते, म्हणून तिथं फाइल लिंक होते. फक्त वापरणाऱ्याच्या मेनूतून तो फॉरमॅट गायब.

चालवून पाहिलं. खरंच नव्हता.

ती फाइल ऑब्जेक्ट लायब्ररी म्हणून वेगळी काढली, म्हणजे नाव कुणी मागो न मागो, लिंकमध्ये येतेच. तक्त्यात कारण लिहिलं. बाईंनी मंजुरी दिली, वर एक शब्दही नाही.

गेल्या महिन्यात फाइल्स हलवणारे दोन पीआर माझ्याकडं आले होते. दोन्हींच्या वर्णनात ‘साफसफाई’ एवढंच होतं आणि दोन्हींना मी पाच मिनिटांत होकार दिला होता. ते आज उघडून बसलोय. पहिल्यात २३ फाइल्स आहेत.