डीपीएफ बदला म्हणाले, दोष निघाला नळीत

माझी बीएस-६ डिझेल पिकअप वाईहून पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना किराणा आणि भाजी पोचवते. भरल्या गाडीनं पसरणीचा घाट चढणं रोजचं. पावसाळा सरता सरता डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. एका गॅरेजात स्कॅनर लावला, दोषाचा कोड आला पी २००२, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, नीट काम करत नाही. लगेच नव्या डीपीएफचं एस्टिमेट हातात ठेवलं. सीझनची कमाई त्यातच गेली असती. दुसऱ्या एकानं सुचवलं, "आतली जाळी काढून टाकू, रिमॅप मारू, कायमची कटकट संपेल." म्हणजे फिल्टर काढायचा आणि तो नसल्याचं कळू नये म्हणून गाडीच्या कंप्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलायचं. ते बेकायदा आहेच, शिवाय पाचगणी शाळांचं गाव. त्या पोरांच्या नाकात काजळी सोडून मला धंदा करायचा नव्हता.

मग वाईतल्या आमच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी पहिलं काम सांगितलं, "कोड पुसू नकोस दादा, आधी फ्रीझ फ्रेम लिहून घे." कोड पडला त्या क्षणाचे आकडे गाडीचा कंप्युटर जपून ठेवतो, कोड पुसला की तेही जातात. आमच्या नोंदीत इंजिन तापलेलं, लोड भरपूर, आणि डीपीएफच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक जवळजवळ शून्य.

इथंच गोम होती. कंप्युटरला फिल्टरच्या आत डोकावता येत नाही. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन नळ्या प्रेशर सेन्सरला जातात, त्या दोन दाबांतला फरक तो कळवतो. काजळी साठली की फरक वाढतो. भरली गाडी घाट चढतेय आणि फरकच नाही, म्हणजे फिल्टर फुटला असावा किंवा गायबच असावा, असं कंप्युटरनं धरलं. गॅरेजनंही तेच धरलं.

मामांनी सायलेन्सरच्या टोकात पांढरं फडकं फिरवलं. जवळपास स्वच्छ निघालं. फिल्टर फुटला असता तर आत काळा थर बसला असता. माझ्या मते सगळ्या तपासणीतला हा सगळ्यात मोलाचा पुरावा, आणि त्याला दमडीही लागत नाही.

पुढची पाळी सेन्सरची. चावी ऑन, इंजिन बंद असताना फरक शून्य दिसायला हवा, तो दिसला. प्लगवर मीटर लावला तर ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग दोन्ही ठीक. मग नळी काढून फिल्टरच्या आधीच्या बाजूच्या तोटीत सिरिंजनं अगदी हलका दाब दिला. स्क्रीनवरचा आकडा लगेच चढला, सोडल्यावर परत शून्यावर आला. सेन्सर चांगला होता. बऱ्याच ठिकाणी पहिल्या झटक्यात सेन्सर बदलतात. आम्ही तसं केलं असतं तर पैसे जाऊन दिवा तसाच राहिला असता.

उरल्या नळ्या. फिल्टरच्या आधीची रबरी नळी लोखंडी पाइपाला जोडते तिथं उष्णतेनं कडक झाली होती, आणि खालच्या अंगाला चीर. वरून दिसतच नव्हती. शेजारच्या ब्रॅकेटवर मात्र काजळीचा काळा फटकारा उठला होता. आयडलवर दाब इतका कमी असतो की आकड्यांवरून काही कळत नाही. घाटात लोड आला की चीर उघडून दाब बाहेर निसटायचा.

नवी नळी घेताना मामा अडून बसले. साधी पेट्रोलची नळी चालत नाही, त्या उष्णतेत ती टिकत नाही. मूळ पार्टच मागवला. बसवताना नळीला कुठं झोळ पडू दिला नाही, सेन्सरकडे चढती ठेवली. एक्झॉस्टमधलं पाणी झोळात साचलं की रीडिंग पुन्हा चुकतं.

नळी बदलल्यावर त्याच घाटात स्कॅनर लावून गेलो. फरक १० किलोपास्कलच्या पुढे! गाडी बिघडली नव्हती. इतके दिवस लपलेली काजळी आता कंप्युटरला दिसत होती. अशा वेळी स्कॅनरवरून काजळीचा हिशेब शून्य करायचा मोह होतो, पण काजळी खरोखरच आत असताना तसं केलं तर रीजनरेशन, म्हणजे फिल्टर तापवून काजळी जाळून टाकणं, लांबतं, आणि पुढे ती एकदम पेटून फिल्टर तडकू शकतो.

आम्ही रीजनरेशन नीट करायचं ठरवलं. त्याआधी सकाळी गार इंजिनवर एक्झॉस्टच्या सगळ्या तापमान सेन्सरचे आकडे पाहिले. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतके आणि एकमेकांच्या जवळ असायला हवेत. एखादा फार वेगळा बोलत असेल तर रीजनरेशनच्या वेळी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आमचे सगळे जुळले. मग सुरूरला हायवे धरला आणि न थांबता गाडी चालवली. फिल्टरजवळचं तापमान ६०० अंशांच्या आसपास गेलं आणि दाबाचा फरक हळूहळू उतरला.

ऑइलची डिपस्टिकही पाहिली. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. ऑइल बदललं, डीपीएफला चालणारं कमी राखेचं.

आता दर सर्व्हिसला मी त्या दोन नळ्या हात लावून, खालच्या बाजूनंही, बघायला लावतो. डीपीएफ जुनाच आहे.