केंब्रिजच्या चार सांजा: इव्हनसाँग ऐकायला जाणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीत मी आणि माझे यजमान केवळ इव्हनसाँग ऐकण्यासाठी चार दिवस केंब्रिजला राहिलो. इव्हनसाँग म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये गाऊन केली जाणारी सायंप्रार्थना. तिचा साचा १६६२च्या प्रार्थनापुस्तकातला आहे. ही मैफल नव्हे, उपासना आहे, म्हणून तिला तिकीट नसते. श्रद्धा कोणतीही असो वा नसो, उपासनेचा आब राखून बसणाऱ्यालाच हे संगीत खरे भेटते, असे माझे मत या चार सांजांनी पक्के केले.

किंग्ज कॉलेजच्या चॅपेलची, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनामंदिराची, पायाभरणी सहाव्या हेन्रीच्या काळात, १४४६ साली झाली आणि पंख्यांसारखे उलगडत जाणारे त्याचे दगडी छत १५१५मध्ये पुरे झाले. सुमारे ८८ मीटर लांबीच्या या वास्तूच्या मध्यावर लाकडी पडदभिंत असून तिच्यावर ऑर्गन आहे, आणि गायकवृंद तिच्या पलीकडच्या भागात बसतो. पहिल्या दिवशी आम्ही जेमतेम दहा मिनिटे आधी पोहोचलो, त्यामुळे भिंतीच्या अलीकडे जागा मिळाली. सूर छतावरून ओसंडून येत होते, पण शब्द मात्र एकमेकांत विरघळून जात होते. दुसऱ्या दिवशी पाऊण तास आधी रांगेत उभे राहिलो आणि गायकांच्या मागच्याच ओळीत बसायला मिळाले. तेव्हा समोरचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा बायबलमधल्या स्तोत्राच्या ओळीवर बोट ठेवून ते हळूहळू पुढे सरकवताना दिसत होता, आणि प्रत्येक चरणाआधी सगळ्यांनी एकदम घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. तो श्वास कोणत्याही ध्वनिमुद्रणात मी कधी ऐकला नव्हता. रांगेत उभे राहण्याचे कष्ट तेवढ्यासाठीही घ्यावेत.

गायकांच्या दोन बाजू समोरासमोर बसतात. दक्षिणेकडची बाजू डेकॅनाय आणि उत्तरेकडची कँटोरिस. स्तोत्राचे चरण आळीपाळीने या दोन बाजूंकडून येतात. इथे ठरावीक मात्रांचा ताल नसतो. बरेचसे शब्द एकाच सुरावर बोलण्याच्या गतीने पुढे जातात आणि चरणाच्या शेवटीच सूर वळतो. सुरुवातीला हे एकसुरी वाटते, पण पत्रकातले शब्द डोळ्यांखाली ठेवले की एका विशेषणासाठी वीस जण मिळून किती हळुवार थांबतात ते लक्षात येते. प्रार्थनापुस्तकाने १५० स्तोत्रे महिन्याच्या ३० दिवसांवर वाटून दिली आहेत आणि १५ तारखेच्या संध्याकाळी ७८वे, तब्बल ७३ चरणांचे स्तोत्र येते. जिथे ही जुनी वाटणी पाळतात तिथे त्या दिवशी जाणाऱ्याने सवड ठेवूनच जावे.

आमच्या त्या दुसऱ्या संध्याकाळी इव्हनसाँगमधली बायबलची दोन गीते, येशूची आई मरिया हिचे गीत आणि बाळ येशूला पाहणाऱ्या शिमोनाचे गीत, संगीतकार हर्बर्ट हॉवेल्स यांच्या रचनेत होती. १९४५ची ही रचना त्यांनी याच चॅपेलच्या गायकवृंदासाठी केली. मरियेचे गीत मुलांच्या कोवळ्या आवाजात उमलते, तर वृद्ध शिमोनाचे गीत एकटा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, सुरू करतो. दोन्ही गीतांच्या शेवटी तोच ‘ग्लोरिया’, म्हणजे देवाच्या स्तुतीचा चरण, येतो. हॉवेल्स गुंजनासाठी जागा सोडत जातात. आधीच्या स्वरसंगतीची आस छताखाली रेंगाळत असतानाच पुढची तिच्यावर येऊन बसते, आणि वास्तूही गाते आहे असे वाटते. माझे डोळे भरून आले.

तिसरी सांज सेंट जॉन्स कॉलेजमध्ये गेली. तिथला आवाज मला अधिक स्वच्छ आणि धारदार वाटला. २०२२पासून त्या वृंदात मुली आणि स्त्रियाही गातात.

जाणाऱ्यांनी आधी सत्राच्या तारखा पाहाव्यात. कॉलेजांचे वृंद मुख्यतः सत्र चालू असतानाच गातात, आणि कॅथेड्रलांमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत पुष्कळदा पाहुणे वृंद येतात. संगीताची यादी आधीच जाहीर होते, तेव्हा रचनाकार पाहून दिवस निवडता येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने टॅलिस किंवा बर्ड या सोळाव्या शतकातल्या इंग्रज रचनाकारांची ऑर्गनविना गायली जाणारी रचना असलेला दिवस धरावा. फोन बंद ठेवावा आणि चित्रण करू नये. टाळ्या कधीही वाजवू नयेत. कधी उठायचे याची काळजी नको, शेजारच्यांबरोबर उठावे आणि बसावे. हिवाळ्यात अंगावरचा कोट काढू नये, कारण दगडी इमारतीत गारठा चांगलाच जाणवतो. शेवटी दानपात्रात यथाशक्ती काही टाकावे.

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून केंब्रिजची वेगवान गाडी साधारण ५० मिनिटे घेते, आणि तिथून ईली हे छोटे शहर गाडीने पंधरा-एक मिनिटांवर आहे. चौथी सांज आम्ही ईलीच्या कॅथेड्रलसाठी राखून ठेवली होती. १३२२ साली तिथला मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी अष्टकोनी मनोरा उभा राहिला. अंधार पडल्यावर त्याच्याखाली मान वर करून उभे राहावे. प्रार्थना संपल्यावर ऑर्गनवर स्वतंत्र रचना वाजते आणि नेमकी तेव्हाच बरीच मंडळी कोट सावरत, बोलत बाहेर पडतात. आम्ही शेवटचा सूर विरेपर्यंत बसून राहिलो. ठरवलेली गाडी त्यामुळे चुकली, पण पुढची अर्ध्या तासात मिळाली.