तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या भिंतीवरचा मोर

गणपतीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी दर्शनाला आलेलं कुणी ना कुणी मूर्तीमागच्या भिंतीवरचा मोर बघून विचारतंच, ‘कोणता प्रोजेक्टर आणलात?’

प्रोजेक्टर नाही हो. पुढची काच आणि आतली चकचकीत वाटी काढून टाकलेली एक बॅटरी आहे, आणि काळ्या कार्डशीटमधून कापलेला मोर.

खरी मेख दिव्याच्या आकारात आहे, उजेडाच्या जोरात नाही. हे कळायला मला एक अख्खा गणेशोत्सव लागला. पहिल्या वर्षी दुधी एलईडी बल्ब लावला होता. मोर दिव्यापासून 20 सेंटिमीटरवर, भिंत 2 मीटरवर. म्हणजे सावली दहापट, 12 सेंटिमीटरचा मोर 120चा. हिशेब बरोबर, पण भिंतीवर नुसता राखाडी ढग! या अंतरांना कडेचा पुसटपणा दिव्याच्या रुंदीच्या नऊपट होतो. 6 सेंटिमीटरच्या बल्बने 54 सेंटिमीटर कड फिसकटली, त्यात मोर कसा उरणार? बॅटरीतला उघडा एलईडी जेमतेम 2 मिलिमीटरचा. त्याची कड 18 मिलिमीटरच पसरते, लांबून रेखीव दिसते.

सूर्याचंही तेच. आमच्याच ग्वाल्हेरात हजिऱ्याला सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्यात 16व्या शतकातल्या दगडी जाळ्या आहेत. कोवळ्या उन्हात जाऊन बघाच. जाळीलगत नक्षी कोरल्यासारखी पडते, आत जावं तशी मऊ होत जाते. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून जाळीपासून मीटरभरावर कड सुमारे 9 मिलिमीटर विरते. मी तिथे तासन्‌तास बसलेलो आहे.

अक्षरं मात्र जपून कापा. ‘मोरया’ कापताना ‘म’च्या गाठीतला ठिपका सुटून खाली पडतो. तो पारदर्शक प्लॅस्टिकवर चिकटवावा. दोरा बांधू नका, दहापट जाड होऊन भिंतीवर उमटतो.

लाल आणि हिरवा दिवा शेजारी ठेवलात तर भिंत पिवळी होते. लाल अडतो तिथे सावली हिरवी, हिरवा अडतो तिथे लाल. काळी फक्त दोन्ही अडतात तिथे.

आरतीला मी बॅटरी बंद करतो आणि समईपुढे पत्र्याचा मोर उभा करतो. ज्योत उभट, सडपातळ. त्यामुळे पायांच्या उभ्या रेघा टिकतात, पाठीची आडवी कड विरघळते, आणि टाळ्यांच्या वाऱ्याने पिसारा हलायला लागतो.