डिस्क भरली ना बाप्पा!
गावच्या दंडारीचे व्हिडिओ आम्ही भाड्याच्या सर्व्हरवर पीअरट्यूब (यूट्यूबसारखी, पण आपली आपणच चालवाची व्हिडिओ साईट) टाकून ठेवतो, अन् आज डिस्क फुल्ल. इथलं नेट असं की ब्राउझरमधलं पॅनल उघडेस्तोवर लाईन जाते, म्हणून मोबाईलवरूनच एसएसएचनं (दुरून सर्व्हरले टाईप करून हुकूम द्याची सोय) शिरलो. प्रून-स्टोरेज ही पीअरट्यूबची सफाईची कमांड चालवली, डेटाबेसले ज्या फायलींचा पत्ताच नाही त्या शोधते अन् उडवू का म्हणून विचारते, विचारल्याबिगर हात नाही लावत हे लय आवडलं मले (बॅकअप तरी आधी घ्याच). मंग संध्याकाळी लाईन आल्यावर घरच्या कॉम्प्युटरवरून पीअरट्यूबच्या सीएलआयच्या (टाईप करून चालवाचं टूल) अपलोड कमांडले स्क्रिप्ट जोडून उरलेले व्हिडिओ रांगेत लावले, एकेक फाईल निवडत कोण बसते! फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थावाल्यायनं हे पीअरट्यूब फुकट देल्लं, अन् मधात जाहिरात येत नाही म्हणून आबाजी खुश.